लेझर करून चष्मा घालवावा का? आधी चष्मा काढून वीतभर अंतरावर बघा

तुम्ही लिहिलंय की वय २४, दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाचच्या आसपास, चष्म्याचा कंटाळा आलाय. एक मित्र लेझर करून आला आणि 'दहा मिनिटांचं काम आहे' म्हणतोय, घरातले मात्र 'डोळ्यांशी खेळ नको' म्हणतायत. करावं की नाही?

मी बारा वर्षांपूर्वी करून घेतलं. तेव्हा एकतिसावं चालू होतं. उजवा उणे सव्वापाच, डावा उणे पावणेपाच. शाळेत 'ढापणी' हे नाव माझ्या खऱ्या नावापेक्षा जास्त चालायचं. आज वय ४३ आहे आणि केल्याचा पश्चात्ताप नाही. पण एक गोष्ट मला कोणी नीट सांगितली नव्हती, त्यामुळे तिथूनच सुरुवात करते.

आत्ता चष्मा काढा आणि स्वतःचं बोट डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरा. बोटाच्या टोकावरच्या रेषा, नखाच्या कडेची सुटलेली कातडी, सगळं भिंगाखाली धरल्यासारखं दिसेल. उणे पाच म्हणजे एक मीटरचा पाचवा भाग, २० सेंटीमीटर. चष्म्याशिवाय तुमचा डोळा तिथवर स्पष्ट बघतो, त्यापलीकडे धुकं. त्या धुक्याचा आपल्याला एवढा राग असतो की अलीकडच्या २० सेंटीमीटरची किंमतच कळत नाही. आमच्या घरात कोणाच्या बोटात कुसळ गेलं, सुईत दोरा ओवायचा असला, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायची असली की मला हाक यायची. मी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि काम उरकायचं.

लेझरने डोळा दूरच्यासाठी जुळवला जातो. विशी-तिशीत डोळ्याच्या आतलं भिंग लवचिक असतं, ते फुगून जवळचंही सांभाळून घेतं. वाढत्या वयाबरोबर ते ताठर होत जातं आणि चाळिशी ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं. हे सगळ्यांना होतं, लेझर केलेल्यांना आणि न केलेल्यांनाही. फरक एवढाच की उणे नंबरवाला तेव्हा नुसता चष्मा काढून वाचतो आणि लेझर केलेल्याला वाचायला चष्मा लावावा लागतो. आपल्या भाषेत त्या चष्म्याला नावच 'चाळिशी' आहे. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय, तरी तो आपल्याला लागू होईल हे काही केल्या डोक्यात शिरलं नव्हतं. गेल्या वर्षी मला अधिक सव्वाचा नंबर लागला. आता कुसळ काढायला माझी थोरली बहीण लागते. तिच्या डोळ्यांवर अजून उणे चारचा चष्मा आहे, कारण तिला लेझरला नकार मिळाला होता. त्याबद्दल पुढे सांगते.

तुमच्या बाबतीत हिशोब चांगला आहे. चोविसाव्या वर्षी केलंत तर चाळिशी लागेपर्यंत पंधरा-सोळा वर्षं तरी हातात आहेत. हाच प्रश्न कोणी अडतिसाव्या वर्षी विचारला असता तर मी म्हटलं असतं, दोनदा विचार करा. एक डोळा दूरसाठी आणि दुसरा जवळसाठी थोडा उणे ठेवायचा असाही उपाय असतो. पण तो सगळ्यांना मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस तसंच वावरून बघावं आणि मगच होकार द्यावा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. 'करावं का' याच्या आधी 'करता येईल का' हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तुमचा कॉर्निया देतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच. मध्यभागी तिची जाडी साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. लेझर ती काच तासून तिचा आकार बदलतो. एका नंबरमागे ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन जातात. माझी जाडी निघाली ४९८. लॅसिक या पद्धतीने करायचं तर आधी वरचा साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा झाकणासारखा उचलायचा, त्याच्याखाली ७४ तासायचे, खाली शिल्लक ३१४. खाली किमान २५० तरी राहायलाच हवेत आणि बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. म्हणजे मी गणितात पास झाले होते, पण काठावर. पुढे थोडा नंबर परत आला तर पुन्हा तासायला फारशी जागा उरणार नव्हती.

हे गणित मला दुसऱ्या ठिकाणी समजलं. पहिल्या दवाखान्यात मी सकाळी लेन्स काढून थेट तपासणीला गेले होते. वीस मिनिटांत मशीनवर डोळे टेकवून झाले आणि टेबलामागच्या बाईंनी हसत विचारलं, शनिवार चालेल का? लेन्स कधी काढल्या, हे एकानेही विचारलं नाही. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदलतो, म्हणून मऊ लेन्स तपासणीआधी एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद ठेवायच्या असतात. नाहीतर चुकीचा आकार मोजला जातो आणि त्याच मापावर लेझर चालतो. मला हे तेव्हा माहीतही नव्हतं. त्या बाईंची घाई खटकली म्हणून मी उठून आले एवढंच, त्यात माझी हुशारी काही नाही. तुम्ही मात्र हा प्रश्न लक्षात ठेवा. लेन्स वापरता का, कधी काढल्या, हे जिथे विचारत नाहीत तिथे पुढचं काही ऐकत बसू नका.

दुसऱ्या ठिकाणी तपासणीला सगळी सकाळ गेली. जाडी, कॉर्नियाच्या चढउतारांचा रंगीत नकाशा (याला टोपोग्राफी म्हणतात), अंधारात बाहुली किती मोठी होते, अश्रू किती येतात ते बघायला खालच्या पापणीत अडकवलेली कागदाची पट्टी. शेवटी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि मागचा पडदा तपासला. तेव्हा बहीण सोबत होती, म्हणून तिनेही तपासून घेतलं. तिच्या नकाशात दोन्ही डोळ्यांच्या खालच्या भागात लाल-नारिंगी ठिपका होता, म्हणजे तिथे कॉर्निया जास्त बाकदार. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, 'डोळे चोळायची सवय आहे का?' आहे, लहानपणापासून, दोन्ही मुठींनी. केराटोकोनसचा, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराचा, संशय होता. अशा कॉर्नियाला आणखी तासलं तर तो हळूहळू पुढे फुगत जातो, मग चष्म्यानेही धड दिसत नाही आणि प्रकरण कॉर्निया बदलण्यापर्यंत जाऊ शकतं. डॉक्टर नाही म्हणाले. ती दोन दिवस माझ्याशी फुरंगटून होती, जणू नकार मीच दिला होता. आज मात्र वाटतं, त्या सगळ्या सकाळीत खर्‍या उपयोगाचं काही झालं असेल तर तो नकार.

तेव्हा तुम्ही आधी फक्त तपासणीला जा, ऑपरेशनची तारीख ठरवायला नको. जाण्यापूर्वी गेल्या वर्ष-दोन वर्षांचे चष्म्याचे कागद शोधून ठेवा. वर्षभरात नंबर अर्ध्याहून (०.५ हून) जास्त हलला असेल तर थांबा, कारण हलता नंबर आज काढला तरी उद्या परत येतो. संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार, ताब्यात नसलेला मधुमेह, मुरमांसाठी चालू असलेलं आयसोट्रेटिनॉइन, पूर्वी डोळ्याला झालेली नागीण, हे न विचारताही सांगा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर वरखाली होतो, त्यामुळे तेव्हा करत नाहीत.

पद्धतींबद्दल थोडक्यात. लॅसिकमध्ये झाकण उचलतात. स्माइलमध्ये आतल्या आत भिंगाच्या आकाराची चकती कापून ती बारीक चिरेतून ओढून काढतात, झाकण नसतं. पीआरकेमध्ये वरची पातळ साल खरवडून थेट पृष्ठभागावर लेझर मारतात आणि साल पुन्हा आपोआप उगवते. लॅसिकवाल्याला दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं, पण ते झाकण पूर्वीच्या ताकदीने कधी चिकटत नाही. जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. कुस्ती, बॉक्सिंग असलं काही करत असाल तर झाकणाचा विचार सोडा. मी जाडीमुळे पीआरके निवडलं.

लेझरखालचा वेळ खरोखर थोडा असतो, तुमच्या मित्राचं तेवढं बरोबर आहे. पापण्यांना चिमटा, सुन्न करणारे थेंब, वर लुकलुकणारा ठिपका, त्याकडे बघत राहायचं. मग टकटक आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. त्या वासाने मी घाबरले होते, पण तिथे काही भाजत नसतं. १९३ नॅनोमीटरचा अतिनील किरण रेणूंमधले बंध तोडतो आणि आजूबाजूच्या पेशींना जवळजवळ उष्णता लागत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते १९८१ मध्ये, आयबीएमच्या प्रयोगशाळेत. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीचा तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि त्यावर हा किरण मारून बघितला. कापलेली कड स्वच्छ, करपल्याचा मागमूस नाही. आपल्या डोळ्यांचं शास्त्र उरलेल्या जेवणातून निघालं, हे मला फार आवडतं.

दहा मिनिटांनंतरचं मात्र मित्र सांगत नाहीत. पीआरकेचा दुसरा दिवस वाईट. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं वाटत होतं, पाणी थांबत नव्हतं, मोबाइलचा उजेडही सोसवत नव्हता. पाचव्या दिवशी संरक्षणासाठी बसवलेली लेन्स काढली, तेव्हा जग दुधाळ होतं. आठवड्याने कामाला लागले, पण अक्षरांच्या कडा धारदार व्हायला तीन महिने गेले.

कोरडेपणा हा तर सगळ्यात जास्त दिसणारा त्रास. कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाही आणि पाणी कमी येतं. नसा पुन्हा वाढायला सहा महिने ते वर्ष लागतं. मी आठ महिने कृत्रिम अश्रूंचे थेंब पर्समध्ये घेऊन हिंडले. आजही वातानुकूलित खोलीत दिवस गेला की संध्याकाळी डोळे चुरचुरतात. आधीच कोरडे असतील तर ते सुधारून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रात्रीच्या दिव्यांभोवती कडी दिसतात हेही खरं. माझी सहा महिन्यांत फिकट झाली. आता पावसात समोरून गाडी आली तरच जाणवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लॅसिक केलेल्यांची पाहणी केली होती. आधी कसलाच दृष्टीचा त्रास नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांनी तीन महिन्यांनी कडी, चमक असं काही ना काही दिसत असल्याचं सांगितलं आणि आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत लोकांना तो जाणवू लागला. कडी, चमक अशा दिसण्याच्या त्रासामुळे रोजचं काम करणं फार कठीण झालं, असे एक टक्क्याहून कमी निघाले. आणि ज्यांना असले त्रास आधीपासून होते, त्यांच्यातल्या अनेकांचे गेलेही. एवढंच बघा की तुमचं पोट रात्री गाडी चालवण्यावर आहे का. माझं नाही, म्हणून मला ते आकडे परवडले. ट्रक चालवणाऱ्याने तेच आकडे वेगळ्या नजरेने वाचावेत.

घरच्यांची एक शंका मात्र अगदी रास्त धरून चला. नंबर गेला म्हणून डोळा बदलत नाही. उणे पाचचा डोळा मागून पुढे लांबट असतो, त्यामुळे त्याचा मागचा पडदा ताणलेला असतो. लेझर समोरची काच तासतो, लांबीला हात लावत नाही. पडदा फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका होता तितकाच राहतो. डोळ्यांपुढे अचानक ठिणग्या, काळे ठिपके किंवा पडदा ओढल्यासारखी सावली आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, चष्मा असो नसो. लेझरनंतर लोक नेमके इथेच गाफील होतात, मीही चार वर्षं पडदा तपासून घेतला नव्हता.

केलंत तर ऑपरेशनच्या आधीचे सगळे आकडे मागून घ्या. नंबर, कॉर्नियाचा बाक, जाडी, नकाशाची प्रत. पुढे साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाची ताकद कॉर्नियाच्या बाकावरून काढतात आणि तासलेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र फसतं. जुने आकडे हाताशी असले तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. माझी ती फाइल जन्माच्या दाखल्यासोबत ठेवलीय, वर मोठ्या अक्षरांत नाव लिहून. मोठ्या अक्षरांत, कारण चाळिशी कुठे ठेवली ते तेव्हा आठवेलच असं नाही.