फोटोची कड कापू नकोस

धंतोली, नागपूर

प्रिय बेटा,

परवा तू स्कॉटलंडच्या साऊथ युइस्ट बेटाचे जुने फोटो दाखवलेस आणि विचारलंस, ‘सर, असे फोटो धरणात गेलेल्या आपल्या बुडीत गावांचे का नाहीत?’ उभ्या उभ्या उत्तर द्यावं असा तो प्रश्न नव्हता, म्हणून हे पत्र.

आधी ते फोटो कसे झाले ते बघ. मार्गारेट फे शॉ मूळची अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाची. तिथल्या गेलिक भाषेतल्या गाण्यांच्या ओढीनं ती १९२९ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या त्या बेटावर गेली आणि पेगी व मारी मॅक्रे या बहिणींच्या घरी सहा वर्षं राहिली. त्यांची भाषा शिकली, गाणी स्वरांसकट उतरवून घेतली, आणि हे सगळं करता करता फोटो काढले. म्हणून तिच्या फोटोंत माणसं कामात आहेत. पीट, म्हणजे दलदलीतला कुजून घट्ट झालेला काळा थर, तिथं चुलीत जाळतात. तो खास फावड्यानं विटांसारखा कापायचा, वाऱ्यावर पसरायचा, थोडा सुकला की उभा रचायचा, मग पाठीवरच्या टोपल्यांतून घरी न्यायचा. ही कामं वर्षाच्या ठरलेल्या वेळीच होतात. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला त्यातला एखादाच तुकडा दिसतो.

आता त्याच्या शेजारी सेंट किल्डाचे फोटो ठेव. हे बेट आउटर हेब्रिडीजच्याही पश्चिमेला, सुमारे ६४ किलोमीटर आत समुद्रात. १८७७ पासून तिथं पर्यटकांच्या आगबोटी येऊ लागल्या. तिथला १८८६ चा एक फोटो फार प्रसिद्ध आहे: दिवसाचं काम ठरवायला रोज सकाळी जमणारे बेटावरचे पुरुष, घरांसमोर ओळीनं, कॅमेऱ्याकडे तोंड करून. फोटो मोलाचाच आहे. पण त्यात माणसं काहीही करत नाहीत, त्यांना बघितलं जातंय एवढंच. ही माणसं कड्यांवर दोराला लटकून समुद्रपक्षी पकडायची, त्यांचं मांस खायची, तेल आणि पिसं जमिनीच्या खंडापोटी द्यायची. २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेले ३६ जण बेट सोडून गेले. मागे फोटो पुष्कळ राहिले, पण त्यातले बरेच आल्यागेल्यानं काढलेले.

मग आपल्याकडे काय? गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि पुढे वैनगंगेच्या फुगवट्यात भंडारा-नागपूर जिल्ह्यांतली गावं गेली. कुही, भिवापूर, पवनीकडच्या त्या गावांत सहा वर्षं राहणारी कुणी शॉ नव्हती. घरात कॅमेरा नव्हता. फोटोवाला तालुक्याहून यायचा तो लग्नाला, नाहीतर म्हातारं माणूस गेल्यावर. त्यामुळे तुला पुनर्वसनाच्या गावठाणात जे अल्बम मिळतील ते बहुतेक लग्नाचे असतील. म्हणून हिरमुसू नकोस. माझं ठाम मत आहे की तुझं सगळं काम याच अल्बममध्ये आहे, फक्त ते फोटोच्या मधोमध नाही, कडेला आहे.

तू पाठवलेल्या त्या फोटोचंच बघ. नवरा-नवरी मधे, मुंडावळ्या, मागे चादरीचा पडदा. पण पडदा पुरला नाही, म्हणून डावीकडे तीन बोटं रुंदीची सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, दिसते. कुंपणावर जाळं वाळत घातलंय. त्याखाली डोंग्याचं, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होडीचं टोक, पालथं. एक बाई सूप मांडीवर घेऊन बसली आहे; तिला वाटतंय आपण फोटोत नाही, म्हणून तिचे हात थांबलेले नाहीत. त्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घराचा रोजचा दिवस त्या तीन बोटांत आहे. तू नेमका तोच भाग कापून टाकून मला नीटनेटका फोटो पाठवला होतास. पूर्ण फोटो मी मागून घेतला. यापुढे काहीही कापू नकोस, रंग भरू नकोस, डाग पुसू नकोस. आहे तसा, चारही कडांसकट, किमान ६०० डीपीआयवर स्कॅन कर आणि टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेव. मागची बाजूही स्कॅन कर. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला आकडा, कुणाच्या तरी हातची तारीख, हे सगळं मागेच असतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते. फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असला तर ओढून काढू नकोस, काचेवरूनच स्कॅन कर. ओलं फडकं तर अजिबात लावायचं नाही. मूळ फोटो त्या घरातून बाहेर न्यायचा नाही. स्कॅनर तू घेऊन जा, आणि पुढच्या खेपेला त्यांना छापलेली प्रत दे.

आता नावं. ‘ग्रामीण स्त्री, सूप पाखडताना’ अशी ओळ लिहिलीस तर मला वाईट वाटेल. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, आणि गाणारीचं नाव, गाव टिपून ठेवलं. तीच शिस्त तू ठेव. ती बाई कोण, कुणाच्या घरची, सुपात काय होतं, जाळं कोणत्या मासळीचं, डोंगा कुणी कोरला आणि पाणी चढल्यावर त्याचं काय झालं, हे विचार. ‘जुन्या आठवणी सांगा’ असं म्हटलंस की लोक दोन वाक्यांत संपवतात. ‘रोवणीला पऱ्हे (धानाची रोपं) कुठून यायचे, बांधीत (धानाच्या शेतात) आधी कोण उतरायचं?’ असं विचार, मग बघ म्हातारी कशी खुलते. शेजारीण आली की ती दुरुस्ती करेल. तीही लिहून घे, दोघींच्या नावानिशी. आणि नाव छापायचं की नुसतं जपून ठेवायचं, हे त्यांना विचारूनच ठरव. काही घरांत मोबदल्याची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

हे सगळं लवकर कर. ज्या बायांनी जुन्या गावात संसार केला त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. रोवणीच्या दिवसांत कुणी घरी सापडणार नाही, तेव्हा दिवाळीआधी एकदा आणि धान घरात आल्यावर पुन्हा, असं ठरव. सुरुवात आंभोऱ्याच्या बाजूनं कर. कुहीला माझे एक निवृत्त शिक्षक मित्र आहेत, गावठाणात त्यांना घरोघरी ओळखतात. मी त्यांना फोन करून ठेवतो. तू आधी त्या सूपवाल्या बाईंचं नाव शोध.

तुझे,
सर