जेल रोड ते मुसळगाव रोजचं जाणं-येणं आणि घरात बाळ येणार: 2017 ची डिझेल डिझायर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला नाशिकमध्ये जेल रोड, नोकरी सिन्नरच्या पुढे मुसळगाव एमआयडीसीत, रोज येऊन-जाऊन 65 किलोमीटरच्या आसपास. दीड महिन्यावर डिलिव्हरी. बजेट साडेपाच लाख, आणि ओळखीतून 2017 ची डिझेल डिझायर सव्वापाचला मिळतेय, मीटरवर 86 हजार. घरचे म्हणतात डिझेल आता बंद होणार, पेट्रोल घे.

माझं मत, तुमच्या रूटला डिझेलच. पण समोर उभी असलेली डिझायर नक्की कोणती, हे आधी बघा. त्यावर पुढे येतो.

घरच्यांची भीती दिल्लीच्या बातम्यांवरून आलेली असणार. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांचा घोळ दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा आहे, नाशिकचा नाही. आपल्याकडे नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे 2017 ची गाडी 2032 पर्यंत चालेल. नंतर फिटनेस दाखवून नूतनीकरण होतं, पर्यावरण कर भरावा लागतो. पण कोणी दिल्ली पासिंगची गाडी लाखभर स्वस्तात देऊ लागला तर हुरळून जाऊ नका. एनओसी आणायची, इथला रोड टॅक्स पुन्हा भरायचा, एमएच 15 ची पाटी मिळेपर्यंत पेठ रोडच्या आरटीओत खेटे घालायचे. घरात तान्हं बाळ असताना ही कामं होत नाहीत.

हिशोब करून बघा. महिन्याला 25 दिवस धरले तर 1,600 किलोमीटर. डिझेलने 20 चं अ‍ॅव्हरेज दिलं तर 80 लिटर, 91 च्या भावाने साधारण 7,300 रुपये. पेट्रोलने 16 चं दिलं तर 100 लिटर, 104 च्या भावाने 10,400. महिन्याला तीन हजार आणि वर, वर्षाला 37 हजारांच्या आसपास. भाव खाली-वर होतील, फरक मोडत नाही. हाच हिशोब माझ्यासारख्या रोज वीस किलोमीटरवाल्याने केला तर महिन्याला हजार रुपये सुटत नाहीत, आणि एखादा इंजेक्टर गेला की वर्षाची बचत त्याच्याबरोबर जाते.

सीएनजी तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. खर्चाला सीएनजी डिझेललाही मागे टाकतं, मान्य. पण डिकीत सिलिंडर असतो. बाळाची ढकलगाडी, डायपरचा गठ्ठा, गरम पाण्याचा थर्मास, दुपट्यांची पिशवी आणि आजीबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा हे सगळं सिलिंडरच्या वर रचून येवल्यापर्यंत गेलेला माणूस मी पाहिलाय. मागच्या काचेतून त्याला काही दिसत नव्हतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही प्रश्नाच्या शेवटी "की थोडे पैसे टाकून बीएस 6 (धुराच्या नव्या, कडक नियमांची गाडी) घेऊ?" असंही विचारलंय.

मी इंदिरानगरला राहतो. आधी गोंद्याला कंपनीत होतो, रोज हायवेने पन्नास-पंचावन्न किलोमीटर. 2022 मध्ये सेकंड हँड बीएस 6 डिझेल घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, दोष गाडीचा कमी आणि माझा जास्त. वर्षभर मस्त चालली. मग नोकरी बदलली, सातपूरला आलो. घर ते कंपनी दहा किलोमीटर, त्यात मुंबई नाका, मायको सर्कल आणि मधले सगळे सिग्नल. तिसऱ्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

1 एप्रिल 2020 पासून बीएस 6 आलं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ नावाची जाळी आली. काजळी त्यात अडकते. जाळी भरत आली की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल टाकून ती 600 अंशांच्या घरात तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्यासाठी गाडी सलग पंधरा-वीस मिनिटं बऱ्या वेगात धावावी लागते. सातपूरच्या रस्त्याला ते कुठून मिळणार? जळायला सुरुवात झाली की कंपनीचं गेट यायचं आणि मी चावी बंद करायचो. रोज. वर्कशॉपमध्ये मशीन लावून जाळी साफ केली, साडेचार हजार घेतले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

एका रविवारी बायको म्हणाली, पाणी-ऑइल तरी बघ. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कमी झालेलं पाहिलं होतं, वाढलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं वर्कशॉपवाल्याने जास्त भरलं. द्वारकेजवळचे आमचे मिस्त्री आहेत, त्यांनी थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला आणि म्हणाले, "साहेब, हे ऑइल नाही, ऑइलचं सरबत आहे." अर्धवट राहिलेल्या साफसफाईतलं डिझेल न जळता खाली ऑइलमध्ये उतरत होतं. तसंच दामटलं असतं तर इंजिन गेलं असतं. डिझेलचे नोजल आणि इंजेक्टर ज्या सातपूरमध्ये बनतात (कंपनीचं नाव कधीच बॉश झालं, आपण अजून मायकोच म्हणतो), तिथे जाता-येता माझी डिझेल गाडी गुदमरली, तीही मायको सर्कलच्या सिग्नलला. मी विकली. घेणारा रोज पिंपळगावला जाणारा आहे, त्याला काही त्रास नाही.

तुमचा रस्ता बीएस 6 लाही चालला असता. शिंदे, मोहदरी घाट, सिन्नर, गाडी तापते आणि तापलेली राहते. पण साडेपाच लाखांत चांगल्या अवस्थेतली बीएस 6 डिझेल शोधायला वेळ जाईल, तुमच्या हातात दीड महिना आहे. शिवाय मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं, त्यामुळे डिझायरमध्ये बीएस 6 डिझेल मिळणारच नाही. 2017 ची ती बीएस 4 आहे, जाळीची भानगड नाही. इंजिन 1,248 सीसीचं, मूळ फियाटचं. हेच इंजिन मारुतीने स्विफ्ट, डिझायर, ब्रेझा, एर्टिगात घातलं, टाटानेही काही गाड्यांत. त्यामुळे त्याचा मिस्त्री आणि सामान सिन्नरमध्येही मिळेल. एक खोड आहे: दोन हजार आरपीएमच्या खाली ते झोपलेलं असतं. बिटको चौकाच्या गर्दीत गिअर खाली टाकायची सवय करावी लागेल.

आता नक्की कोणती डिझायर. मे 2017 मध्ये नवी पिढी आली, त्यामुळे "2017 ची" म्हणजे दोन अगदी वेगळ्या गाड्या असू शकतात. नव्या पिढीत सगळ्या व्हेरिएंटला दोन एअरबॅग, एबीएस आणि आयसोफिक्स (बाळाची सीट अडकवायच्या कड्या) आहे, डिकी 378 लिटरची. जुन्या पिढीत एअरबॅग व्हेरिएंटवर अवलंबून होत्या आणि डिकी 316 लिटरची. आरसीवर महिना-वर्ष बघा. जुनी असेल तर सव्वापाच फार झाले, आणि तुमच्या घरी बाळ येत असल्याने मी ती घेणारच नाही. जुन्या आकाराची डिझायर टॅक्सीसाठी टूर नावाने पुढेही विकली जात होती, तेव्हा आरसीवर आधी टॅक्सी पासिंग होतं का तेही बघून घ्या. ही जमली नाही तर 2018 नंतरची होंडा अमेझ डिझेल बघा, तिची डिकी 420 लिटरची आहे.

इंजिन सकाळी बघायला जा, आणि निघताना फोन करू नका. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलीय, कारण थंड डिझेल सगळं बोलून दाखवतं. एका सेल्फमध्ये सुरू झाली पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, सतत काळा म्हणजे नोजल, टर्बो किंवा ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व) यांपैकी कोणीतरी आजारी. गाडी चालू असताना ऑइलचं झाकण उघडायला सांगा. थोडी वाफ ठीक, पण झाकण उडायला लागलं किंवा भक्‌भक्‌ धूर आला तर चहा पिऊन घरी या. 86 हजारांचं म्हणाल तर वर्षाला दहा-अकरा हजार किलोमीटर हे डिझेल घेणाऱ्याच्या मानाने जरा कमीच आहेत. खोटंच असेल असं नाही, पण अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या नोंदींतलं मीटर रीडिंग जुळवा. पेडलचे रबर आणि स्टिअरिंगची कातडीही वय सांगतात.

ट्रायल कॉलनीत घेऊ नका, मोहदरी घाटात घ्या. मालकाला शेजारी बसवा, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि गाडी तिथेच रेंगाळली तर क्लच प्लेट गेलीय.

आता मागची सीट. बहुतेक लोक ही गोष्ट गाडी घेतल्यावर बघतात, मीही तेच केलं होतं. तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून बसते, म्हणजे बाळाची पाठ गाडी धावते त्या दिशेला. ब्रेक लागला की सगळा झटका पाठीवर पसरतो, मानेवर येत नाही. त्यासाठी ती सीट बरीच तिरकी ठेवावी लागते आणि ती पुढच्या सीटच्या पाठीला टेकते. मी पावणेसहा फुटांचा. आमच्या पहिल्या गाडीत बाळाची सीट लावल्यावर पुढची सीट इतकी पुढे घ्यावी लागली, की माझे गुडघे ग्लोव्ह बॉक्सला लागायचे. नंतरची गाडी बघायला गंगापूर रोडला गेलो तेव्हा लेकीची सीट बरोबर घेऊन गेलो. विकणाऱ्या गृहस्थांना वाटलं, मी बाळ घरी विसरलो. तुम्हीही सीट आधी विकत घ्या आणि त्या डिझायरमध्ये लावून बघा. मागच्या सीटच्या पाठ आणि गादीच्या फटीत बोटं घाला, दोन लोखंडी कड्या हाताला लागल्या पाहिजेत. तेच आयसोफिक्स. सीट-कव्हर घालताना कुशनवाल्याने त्या झाकल्या असतील तर कव्हर कापा. आणि ही सीट पुढे, एअरबॅगसमोर कधीही लावू नका. एअरबॅग उघडली तर ती थेट सीटच्या पाठीवर, बाळाच्या डोक्यामागे आदळते.

आमची आई म्हणाली होती, "एवढंसं लेकरू, त्याला खुर्चीत काय बांधताय? मांडीवर घे की." तुमच्याकडेही कोणीतरी म्हणणार. मी वाद घातला नाही. बाळाच्या वजनाची तांदळाची पिशवी आईच्या मांडीवर दिली आणि सोसायटीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी वीसवरून ब्रेक मारला. पिशवी पायाशी पडली. त्यानंतर सीटबद्दल घरात कोणी बोललं नाही. तसा 2019 च्या दुरुस्तीनंतर कायदाही आहे, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची सीट नसेल तर 1,000 रुपये दंड. पण तो लावताना मी अजून कोणाला पाहिलं नाही.

कागदांचं फार लांबवत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35, आधीचे चलन भरलेले. विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दलची सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे प्रीमियम थोडा वाढेल.

सव्वापाचावरून त्यांना खाली आणा आणि तीस-चाळीस हजार बाजूला ठेवाच. ऑइल, डिझेल फिल्टर, बॅटरी, बहुधा चार टायर. टायरवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत असतं, सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही चांगली दिसो, बदला. हे सगळं बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यातही उरकतं, तोवर बाळ-बाळंतीण कुठे जाणार नसतातच. आणि आधीच्या मालकाचं डॅशबोर्डवरचं परफ्यूम पहिल्याच दिवशी काढून टाका. आमची लेक त्या वासाने शिंदे टोल नाक्यापर्यंत ओकायची, आणि आम्हाला तीन महिने वाटत होतं की तिला गाडी लागते.