चर्चच्या मंडळीला शब्द दिलाय, आणि बाबा गोळी अर्धी करून खातात

प्रश्न : गाव अहिल्यानगर, नोकरी पुण्यात. हातात ६२ हजार येतात, चर्चला द्यायचा दशमांश (कमाईचा दहावा भाग) कधी चुकवलेला नाही. ४ लाखांची एफडी आहे. त्यातले ३ लाख चर्चच्या नव्या इमारतीला देईन, असं उपासनेनंतर सगळ्यांसमोर बोललो. नाताळात घरी गेलो तर ७१ वर्षांचे बाबा बीपीची गोळी सुरीनं अर्धी करताना दिसले, स्ट्रिप महिनाभर पुरावी म्हणून. आई (६६) म्हणते, ‘देवाचं आधी दे, आमचं चाललंय.’ काय करू?

उत्तर : चालत नाहीये, ते सुरीच सांगतेय. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, हिशेब बघणारा माणूस. पण बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७व्या अध्यायातलं ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं दान, तुम्हाला माहीत असेलच. आईबापांना जे मिळायचं ते देवाला वाहिलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूनं तिथेच झापलंय, आणि तेही ‘आईबापांचा मान राख’ या पाचव्या आज्ञेचा हवाला देऊन. तुम्ही हात झटकत नाही आहात, पण एफडी मोडून ३ लाख चर्चला दिले की परिणाम तोच.

माझी वाटणी अशी. २ लाख आईच्या नावानं पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ४,१०० रुपये तिच्या खात्यात पडतील. आईला दिलेल्या पैशावर तिला कर नाही, आणि व्याजही तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. १ लाख आजारपणासाठी बाजूला, आईबरोबरच्या जॉइंट खात्यात. उरलेला १ लाख चर्चला. शिवाय दर २ तारखेला ३ हजार आपोआप आईच्या खात्यात जाऊ द्या. ‘लागले तर सांग’ म्हटलं की आया कधीच सांगत नाहीत.

बाबांचं आयुष्मान कार्ड काढलंय का? सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न घालता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ते दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येतं. रोजच्या गोळ्या मात्र खिशातूनच.

कबूल केलेल्यातल्या राहिलेल्या २ लाखांचं पाळकसाहेबांना आणि पंचांना स्वतः भेटून सांगा. बोनसमधून तीन-चार वर्षांत देईन म्हणा. लाज वाटेल, वाटू दे. दशमांशाला मी हात लावत नाही, तो तुमचा आणि देवाचा मामला.

एक राहिलं. लग्न झालं असेल, तर पत्नीच्या आईवडिलांबद्दल पत्रात अक्षर नाही. त्यांच्या औषधांचं कोण बघतं, तेही कळवा. आकडे बदलू शकतात.