सीलबंद हीटिंगमध्ये इनहिबिटर टाकण्याआधी दाब का उतरतो ते बघा

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत, त्यातली दुसरी अगदी जाता जाता. पहिली अशी की इंग्लंडमधल्या स्लाउच्या घरात काँबी बॉयलर (रेडिएटरचं आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा) आहे, रेडिएटर बदलताना शाईसारखं काळं पाणी निघालं आणि आता इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घरीच टाकता येईल का, की प्लंबरला पैसे मोजायचे. दुसरी अशी की दर दोन-तीन आठवड्यांनी दाब अर्ध्या बारवर येतो आणि तुम्ही फिलिंग लूप (मुख्य लाइनचं पाणी हीटिंगमध्ये सोडणारी जोडनळी) उघडून पाणी भरता. इनहिबिटर घरी टाकता येतो, अवघड काही नाही. पण मला काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे.

सीलबंद हीटिंगमध्ये तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत राहायला हवं. त्यातला ऑक्सिजन सुरुवातीला थोडा गंज करून संपतो आणि मग गंजण्याचा वेग पडतो. तुम्ही दर वेळी लूप उघडता तेव्हा ताजा ऑक्सिजन आत जातो, आणि गळतीच्या वाटेने इनहिबिटर बाहेर जातो. म्हणजे आज बाटली ओतलीत तरी काही महिन्यांत ती पातळ होत होत निकामी होणार. आणि अर्धवट प्रमाणातला इनहिबिटर काही वेळा मुळीच नसण्यापेक्षा वाईट, कारण मग गंज सगळीकडे न पसरता एकाच जागी खोल खातो.

म्हणून आधी गळती शोधा. बॉयलर थंड असताना दाब साधारण 1 ते 1.5 बार असावा. गरम झाल्यावर तो थोडा चढतो. तो 3 बारकडे धावत असेल तर एक्सपान्शन व्हेसलमधली (गरम होऊन फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे असं समजा. मग सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीतून गळतं आणि थंड झाल्यावर काटा शून्याकडे जातो. त्या नळीच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी दिसलं तर दोष बॉयलरकडचा. तिथे गॅसच्या कामासाठीची 'गॅस सेफ' नोंदणी असलेल्या माणसालाच बोलवा, बॉयलरचं झाकण आपण काढायचं नाही.

पिशवी कोरडी राहिली तर रात्री हीटिंग बंद करून, सगळं थंड झाल्यावर, बॉयलरखालचे जाण्या-येण्याचे हीटिंगचे दोन्ही नळ बंद करा. सकाळपर्यंत काटा पडला तर गळती बॉयलरमध्ये आहे. काटा तसाच राहिला तर घराच्या पाइपांत किंवा व्हॉल्व्हच्या नटांत शोधा. नटांभोवती हिरवट-पांढरी पुटं दिसली की बहुतेक वेळा जागा सापडलीच. सकाळी हीटिंग लावण्याआधी ते दोन्ही नळ पुन्हा उघडायला विसरू नका.

काळ्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यावरून बरंच कळतं. तो काळा गाळ म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचं ऑक्साइड. ऑक्सिजन कमी असताना तो बनतो आणि बनताना हायड्रोजन सुटतो. रेडिएटर वरून गार, किल्लीने व्हेंट (हवा काढायचा स्क्रू) उघडल्यावर 'फुस्स', आणि आठवडाभरात पुन्हा तेच, असं होत असेल तर ती नुसती हवा नसून हायड्रोजन असण्याची शक्यता आहे. हायड्रोजन पेट घेतो, त्यामुळे काडी धरून तपासण्याचा पराक्रम करू नका. पाणी तपकिरी-तांबडं निघालं तर ऑक्सिजन सतत आत शिरतो आहे, आणि तुमच्या भरण्याच्या सवयीवरून मला ती शंका आहेच. रेडिएटर खालून मधोमध गार असेल तर गाळ तळाशी बसला आहे.

गाळ असेल तर आधी तो सोडवणारा क्लीनर. क्लीनर टाकून बाटलीवर लिहिलं असेल तितके दिवस हीटिंग चालवा, मग पाणी स्वच्छ निघेपर्यंत फ्लश करा आणि त्यानंतरच इनहिबिटर टाका. दोन्ही एकत्र ओतू नयेत. फर्नॉक्स किंवा सेंटिनेल, दोन्ही चालतात, फक्त क्लीनर आणि इनहिबिटर एकाच कंपनीचे घ्या. नेहमीच्या घराला एक बाटली पुरते, पण किती लिटरला किती हे लेबलवर वाचा. थोडं जास्त पडलं तर बिघडत नाही, कमी पडू देऊ नका. गाडीच्या कूलंटमध्येही गंज रोखणारं रसायन असतं, म्हणून कोणी तेच ओतायला निघेल. नको. त्याचा डोस आणि रसायन दोन्ही वेगळं, आणि बॉयलरमध्ये ॲल्युमिनियमचा भाग असेल तर भलतं रसायन त्याला खातं.

आता ओतायचं कसं. बॉयलरजवळ मॅग्नेटिक फिल्टर असेल तर काम सोपं. हीटिंग बंद करा, थंड होऊ द्या, फिल्टरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, त्याच्या स्क्रूने दाब काढा, झाकण उघडा, चुंबकावरचा काळा चिखल धुवा आणि रिकाम्या डब्यात इनहिबिटर ओता. सगळी बाटली मावली नाही तर बंद करून थोडा वेळ फिरवा आणि उरलेलं पुढच्या फेरीत. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांना त्या चुंबकापासून लांब ठेवा.

फिल्टर नसेल तर बाथरूममधली टॉवेल रेल (टॉवेल सुकवायचा रेडिएटर) निवडा, वरची टोपी सरळ वर उघडत असेल तर फनेल लगेच बसतं. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करा. लॉकशील्ड (एरवी न फिरवायचा, टोपीखालचा व्हॉल्व्ह) किती वळणांत बंद झाला ते लिहून ठेवा, नाहीतर घराचं बॅलन्सिंग, म्हणजे कोणत्या रेडिएटरला किती पाणी जातं तो मेळ, बिघडेल. दुसऱ्या बाजूला थर्मोस्टॅटिक डोकं (खोलीच्या तापमानाप्रमाणे व्हॉल्व्ह आपोआप उघडझाक करणारं) असेल तर ते काढून त्यावर बंद करायची टोपी बसवा, कारण खोली फार गारठली तर ते डोकं आपसूक उघडतं. मग व्हेंट उघडून दाब घालवा. खाली ट्रे आणि जुने टॉवेल ठेवून खालचा नट ढिला करा, एका पान्याने व्हॉल्व्ह धरून दुसऱ्याने नट फिरवा म्हणजे पाइप पिळणार नाही. बाटलीपेक्षा थोडं जास्त पाणी काढा, नट घट्ट करा, वरून ओता, टोपीच्या आट्यांवर टेप गुंडाळून बसवा. व्हॉल्व्ह पूर्वीइतकेच उघडा, हवा काढा, लूपने दाब परत आणा आणि तासभर हीटिंग चालवा. उजळ रंगाच्या कार्पेटच्या खोलीत हे काम करू नका, मॅग्नेटाइटचा डाग जाता जात नाही.

पाणी काढायची धास्ती वाटत असेल तर दाबाच्या डब्यातला इनहिबिटर मिळतो. तो अडॅप्टर लावून फिलिंग लूपच्या तोंडातून किंवा व्हेंटमधून आत ढकलता येतो. महाग आहे, पण पसारा नाही. डब्यावर लिहिलेल्या मर्यादेपर्यंत आधी दाब उतरवून घ्या.

घरात लहान मूल आहे म्हणून हे नळाच्या गरम पाण्यात येईल का, असंही विचारलंत. येत नाही. काँबीमध्ये रेडिएटरचं पाणी आणि नळाचं पाणी वेगळं असतं, मध्ये धातूच्या पत्र्या असतात. मात्र फिलिंग लूपची लवचीक नळी दोन्ही पाण्यांना थेट जोडते, म्हणून भरून झालं की ती काढून टाकायची असा इथल्या पाण्याच्या नियमांचा दंडक आहे. तुमची नळी कायम लावलेली दिसते. तिचा व्हॉल्व्ह थोडा जरी पाझरत असेल तर मुख्य लाइनचं पाणी हळूहळू आत येत राहतं आणि तुमची गळती आहे त्यापेक्षा लहान वाटते. त्यामुळे गळतीची तपासणी नळी काढूनच करा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी यातलं काही करू नये. इंग्लंडमध्ये 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंग दुरुस्त ठेवणं हे मालकाचं काम आहे, त्याला लेखी कळवा.

पुढच्यासाठी: हीटिंगच्या पाण्यासाठीचं ब्रिटिश मानक बीएस 7593, त्याच्या 2019 च्या आवृत्तीनुसार इनहिबिटरचं प्रमाण दर वर्षी तपासायचं आणि दर 5 वर्षांनी पुन्हा डोस द्यायचा, नाहीतर पाण्याची पूर्ण चाचणी करून घ्यायची. रंग बदलणाऱ्या पट्ट्यांचं किट ऑनलाइन मिळतं, किटवर जी कंपनी लिहिली असेल त्याच इनहिबिटरसाठी वापरा. टाकल्याची तारीख, नाव आणि किती टाकलं हे स्टिकरवर लिहून बॉयलरजवळ चिकटवा, सर्व्हिसला येणारा माणूस ते विचारतोच.