महापौर एक वर्षाचे, नाला कायमचा: बेळगावकरांची प्रश्नोत्तरे

दरवर्षी नवे महापौर येतात. एका वर्षात त्यांच्या हातून काय होणार? (शहापूर)

कर्नाटक महानगरपालिका कायदा, 1976 नुसार महापौरपद एका वर्षाचे आहे. कारभाराचे अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. आपल्याकडे तर सप्टेंबर 2021 मध्ये 58 वॉर्डांची निवडणूक झाली आणि महापौर मिळाले फेब्रुवारी 2023 मध्ये. मधल्या काळात लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक होते, पण सभागृह नव्हते. हे शहरावर अन्यायकारक होते असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही महापौरांचे हात रिकामे नसतात. सर्वसाधारण सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली चालते. ठराव मंजूर झाला की पुढच्या सभेत पहिला विषय एवढाच हवा: मागच्या ठरावांचे काय झाले? अधिकाऱ्यांना तिथे उभे राहून उत्तर द्यावे लागते. नव्या महापौरांनी नवी घोषणा एकही केली नाही तरी चालेल, मागचे ठराव तडीस न्यावेत. अंदाजपत्रकातही मोठे आकडे पाहू नका. गेल्या वर्षी किती रक्कम खरोखर खर्ची पडली, तो रकाना पाहा.

बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शिवारात शिरते. नवे सभागृह काय करणार? (वडगाव)

तुमच्या भाताचे नुकसान जून-जुलैत दिसते, पण चूक हिवाळ्यात झालेली असते. जलपर्णी आणि गाळ काढायचा तर टिप्पणी, मंजुरी, निविदा, कामाचा आदेश, एवढ्या पायऱ्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये विषय सभेत आला तर मृगाचा पाऊस आधी येतो आणि मशीन मागून. म्हणून हा विषय डिसेंबरच्या सभेत यायला हवा. दुसरे म्हणजे अतिक्रमण. गाळ दरवर्षी काढता येईल, पण काठावर भराव टाकून पात्रच अरुंद केले तर पाणी जाणार कुठे? बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण), पाटबंधारे, महसूल आणि महापालिका यांनी एकत्र मोजणी करून हद्दीचे दगड रोवले पाहिजेत. तुम्ही शेतकऱ्यांनी नगरसेवकांकडे आत्ताच हीच मागणी लेखी करा. तोंडी तक्रार पाण्याबरोबर ओसरते.

वॉर्ड समिती म्हणजे काय? आमच्याकडे कधी ऐकली नाही. (अनगोळ)

वॉर्डातले रोजचे प्रश्न वॉर्डातच सोडवण्यासाठीची समिती म्हणजे वॉर्ड समिती. 74 व्या घटनादुरुस्तीने 3 लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात वॉर्ड समित्या आवश्यक केल्या. बेळगाव ती मर्यादा कधीच ओलांडून गेले आहे. गटार, दिवा, कचऱ्याची गाडी हे प्रश्न तिथेच सुटायला हवेत. आपल्या वॉर्डाची समिती कधी बसली, हे नगरसेवकांना जरूर विचारा.

घरपट्टीत सूट मिळते का? (टिळकवाडी)

एप्रिलमध्ये पूर्ण भरलीत तर 5 टक्के. पावती जपून ठेवा, खाते बदलाच्या (मालमत्तेच्या नोंदीवरचे नाव बदलण्याच्या) वेळी लागते.

मराठीत अर्ज दिला तर घेतात का? काउंटरवर परत करतात. (खासबाग)

परत करू नये. संविधानाच्या 350 व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येते. उत्तर मराठीतच मिळेल अशी हमी मात्र या कलमात नाही. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. काउंटरवर नकार मिळाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने आयुक्तांच्या नावे पाठवा. सकाल योजनेत (ठरलेल्या मुदतीत सरकारी सेवा देण्याच्या कर्नाटकच्या योजनेत) येणारी सेवा असेल तर सकाल क्रमांक मागून घ्या. मुदत त्याच दिवसापासून मोजली जाते.