परसबाग आणि घरखर्च : विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : घरात पाच माणसे. घरामागे २५ चौरस मीटर जागा आहे, पाणीही आहे. पण पंधरा दिवस पालेभाजी खाऊन संपत नाही आणि पुढे दोन महिने सगळी विकत आणावी लागते. खर्च कमी होत नाही. काय चुकते?

चूक मातीत नाही, पेरणीच्या तारखेत आहे. पाकिटातले सगळे बी एकाच दिवशी पेरले की ते एकाच आठवड्यात काढणीला येते. निम्मी भाजी ताटात जाते, उरलेली फुलावर येते किंवा वाटून टाकावी लागते. म्हणून परसबागेची आखणी बियाण्याच्या पाकिटापासून नको, ताटापासून उलटी करा.

पाच जणांना माणशी १०० ग्रॅम धरली तर एका वेळेला अर्धा किलो पालेभाजी लागते. एक चौरस मीटर पालक तीन कापण्यांत मिळून साधारण एक किलो देतो. म्हणजे एका मीटरात दोन वेळची भाजी. हा हिशेब ध्यानात ठेवूनच वाफे पाडा.

२५ चौरस मीटरमध्ये १ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे सहा वाफे बसतात, उरलेली जागा वाटांना जाते. वाफा एक मीटरपेक्षा रुंद करू नका. मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही, मग पाय वाफ्यात पडतो आणि माती दबते. यातले तीन वाफे पालेभाज्यांना द्या. प्रत्येकाचे एकेक मीटरचे तीन तुकडे केले की नऊ तुकडे मिळतात. दर आठवड्याला एकच तुकडा पेरायचा. पहिल्या तुकड्याची पाळी पुन्हा ६३ दिवसांनी येते. पालकाची पहिली कापणी ३० दिवसांनी, पुढच्या ४५ आणि ६० व्या दिवसाच्या आसपास. तिसरी कापणी झाली की तुकडा रिकामा. कापताना जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवा. मधला कोंब कापला गेला तर फुटवा उशिरा येतो.

नऊही तुकड्यांत पालक मात्र नको. पालकात ऑक्झलेट (कॅल्शियमला बांधून ठेवणारा घटक) जास्त असल्याने त्यातले कॅल्शियम आणि लोह शरीराला कमीच मिळते. मेथी, कोथिंबीर, मुळा असा फेर धरा. मेथी महिन्यात उपटून होते, त्यामुळे तिच्या जागी पुढची पाळी येईपर्यंत आणखी एक पीक निघते. पालक-मेथीचे बी चौरस मीटरला सुमारे ३ ग्रॅम पुरते. याहून दाट पेरले तर रोपे बारीक, पिवळी राहतात आणि ओलाव्यात मर लागते, म्हणजे बुडाशी कुजून कोलमडतात. धने मात्र हलके रगडून दोन फाकी करा, १२ तास भिजवा आणि मग पेरा. अख्खे टाकलेले धने उशिरा आणि विरळ उगवतात. ‘बी खराब निघाले’ या तक्रारींपैकी बऱ्याच इथल्याच असतात.

उरलेल्या तीन वाफ्यांत फळभाज्या. भेंडीची आठ-दहा झाडे लावून पाच जणांची भाजी होत नाही. ३० झाडे लावा, ३० सेंटिमीटर अंतराने तीन ओळींत. दर दोन दिवसांनी तोडा, एक तोडणी चुकली तर शेंगा जून होतात आणि झाड नवी फुले कमी देते. टोमॅटोची १२ झाडे एका वाफ्यात बसतात : ६० सेंटिमीटरवर दोन ओळी, रोपांत ४५ सेंटिमीटर. तिसऱ्यात वांगी आणि मिरची. फळभाज्यांना दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. सावलीचा कोपरा पालेभाज्यांना द्या. दोडका, काकडी कुंपणावर चढवा, वाफा अडवू नका.

प्रश्न : बचत खरेच होते का, हे कसे कळणार?

वजनकाटा आणि वही, एवढेच लागते. वहीत तीन रकाने करा : आज बागेतून काय आणि किती आले, त्यातले किती खाल्ले गेले, आणि कोणती भाजी विकत आणली. बचत मोजायची ती फक्त दुसऱ्या रकान्यावरून, आणि तीही जी भाजी एरवी विकत आणलीच असती तिच्यावरून. वाया गेलेला ढीग म्हणजे बचत नव्हे. यातून बियाणे, खत, पाणी यांचा खर्च वजा करा. झारी, खुरपे अशा अवजारांची किंमत त्यांच्या टिकण्याच्या वर्षांत वाटून धरा, पहिल्याच वर्षावर टाकलीत तर बाग तोट्यातच दिसेल.

दोन महिन्यांनी तिसरा रकाना वाचा. जी भाजी सतत आणि थोडी थोडी विकत येते ती बागेत हवी : कोथिंबीर, मिरची, पालेभाज्या. त्या लवकर सुकतात, म्हणून ताज्या तोडण्यात फायदाही जास्त. बटाटा आणि कांदा टिकतात व जागा खातात. एवढ्याशा जागेत त्यांच्या मागे लागू नका.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. वाचलेला पैसा घरखर्चात तसाच मिसळू देऊ नका. बाग जीवनसत्त्वे देते, पण प्रथिनांची पूर्ण गरज भागवत नाही. म्हणून तो पैसा आधी डाळ, दूध, अंडी यांच्या नावे टाका. डाळीचा महिन्याचा अंदाज असा : माणशी एका वेळेला कोरडी ३० ग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच माणसे, ३० दिवस, म्हणजे ९ किलो. किराणा भरताना हा आकडा पहिला लिहा आणि बाकीची यादी त्याच्या खाली. घरात वाढती मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर कात्री आधी डाळीला लावू नका.

प्रश्न : शेणखत किती घालावे? मागच्या वेळी रोपे मुळापासून कुरतडली गेली.

चौरस मीटरला दोन ते अडीच किलो, पण पूर्ण कुजलेले. अर्धवट कुजलेल्या शेणात हुमणीच्या अळ्या असतात, त्यांनीच मुळे खाल्ली असण्याची शक्यता मोठी. शिवाय कच्च्या शेणातले रोगजंतू कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीवर येतात. मुठीत घेतल्यावर भुसभुशीत, गार आणि वास नसलेले खत वापरा.

प्रश्न : टोमॅटोच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो. कोणते औषध फवारावे?

हा रोग नाही, त्यामुळे बुरशीनाशकाचा पैसा फुकट जाईल. माती एकदा कोरडी, एकदा चिंब अशी राहिली की फळाला कॅल्शियम पोचत नाही. पाणी थोडे पण नियमित द्या आणि वाळक्या गवताचे पाच-सात सेंटिमीटर आच्छादन करा. कडक उन्हात वाफ्याला चौरस मीटरमागे दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालेल. साबणाचे वाफ्यात नको, त्यातल्या सोडियमने माती घट्ट होते.

प्रश्न : भेंडीची पाने पिवळी, शिरांची जाळी दिसते.

हा केवडा नावाचा विषाणूजन्य रोग आहे, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. लागलेले झाड बरे होत नाही, दिसताच उपटून बागेबाहेर न्या. उरलेल्यांवर निंबोळी अर्क फवारा : ५० ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, एक ग्रॅम साबण मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने मारा. अर्क त्याच दिवशी वापरायचा, शिळा ठेवू नका. पुढच्या वेळी रोगाला सहनशील वाण निवडा आणि त्याच वाफ्यात लगेच भेंडी घेऊ नका.