पदवीच्या वर्षांत असताना मानसशास्त्रातील संशोधनाचा अनुभव गोव्यात कसा मिळवावा?

तुम्ही म्हापशाला मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकता, पुढे एखाद्या चांगल्या विद्यापीठात अर्ज करू इच्छिता, आणि महाविद्यालयातील प्रयोगशाळा केवळ प्रात्यक्षिकांपुरतीच उघडत असल्यामुळे संशोधनाचा अनुभव आणायचा कुठून, असे तुम्ही विचारले आहे. मी गोव्यातच पदवी घेतली असून सध्या मानसिक आरोग्याच्या एका अभ्यासात माहिती-संकलनाचे काम पाहते. उमेदवारीसाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांचे अर्जही मीच वाचते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी हा अनुभव तुम्हांला नेमका कशासाठी हवा आहे, ते ठरवा. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो आणि तेथे निवड बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनगटासाठी होते, त्यामुळे संशोधनाचा अनुभव नसलेला अर्ज, गुण कितीही चांगले असले तरी, मागे पडतो. आपल्याकडे अनेक विद्यापीठांत एम.ए.चा प्रवेश सीयूईटी-पीजीसारख्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर ठरतो. तुमचा रोख तिकडे असेल, तर संशोधनापायी अभ्यास मागे टाकू नका. चार वर्षांच्या पदवीचा विचार असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्सचा पर्याय मिळू शकतो. तुमच्या महाविद्यालयात तो आहे का, याची आताच चौकशी करा.

सुरुवात स्वतःच्या प्राध्यापकांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. प्रयोगशाळा नसली म्हणजे संशोधन नसते, असे नाही. नोकरी सांभाळून पीएच.डी. करणारे प्राध्यापक असतात, आणि त्यांच्यापाशी भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे, लिहून काढायच्या मुलाखती आणि वाचायचे राहिलेले शोधनिबंध साचलेले असतात. ‘मला काही संशोधन द्या’ असे म्हणण्याऐवजी ‘आठवड्यातून दोन दुपारी मी प्रश्नावल्यांचे गुणांकन करून तक्त्यात भरून देईन’ असे म्हटलेत, तर होकार मिळण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. हे काम रूक्ष आहे, पण मोजमाप कोठे चुकते, माणसे कोणता प्रश्न गाळतात, अर्धवट भरलेल्या उत्तरपत्रिकेचे काय करायचे, हे सारे तेथेच कळते.

दुसरी वाट गोव्याची स्वतःची आहे आणि ती फार मोलाची आहे. पर्वरीची ‘संगत’ ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्यावर काम करते. तिच्या ‘मानस’ या अभ्यासात गोव्यातील 12 सरकारी आरोग्य केंद्रे आणि 12 खासगी दवाखाने होते, आणि मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने नैराश्य व चिंतेवर उपचार होऊ शकतात का, हे त्यात तपासले गेले. निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: सरकारी केंद्रांत रुग्णांना स्पष्ट लाभ दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. हा निबंध मुळातून वाचा आणि दोन ठिकाणी निकाल वेगळा का लागला असेल, याचा विचार करा. अशा अभ्यासांना घरोघरी जाऊन कोंकणीत आणि मराठीत शांतपणे मुलाखत घेऊ शकणारी माणसे लागतात, आणि सत्तरी किंवा पेडण्यातील आजीशी तिच्या बोलीत बोलता येणे ही तुमची खरी पात्रता आहे. अर्जात ती संकोच न करता लिहा. चवथीच्या दिवसांत मात्र क्षेत्रकाम थंडावते, म्हणून सुट्टीतील कामासाठी एप्रिल-मे धरा आणि विचारणा जानेवारी-फेब्रुवारीतच करा.

बांबोळीच्या मनोरुग्णालयात बसून निरीक्षण करणे शिकवून जाते, पण ते संशोधन नव्हे. पैसे घेऊन पंधरवड्यात प्रमाणपत्र देणाऱ्या ऑनलाइन ‘इंटर्नशिप’कडे तर मुळीच वळू नका. काय मोजले आणि काय आढळले, एवढे विचारले की त्या प्रमाणपत्राचे वजन संपते, आणि विद्यार्थ्यांच्या गरजेवर चाललेला हा व्यवहार पाहून मला मनापासून वाईट वाटते.

अनोळखी संशोधकाला पत्र लिहाल तेव्हा ते पाच-सहा वाक्यांचे असावे: तुम्ही कोण, त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यातील कोणत्या गोष्टीने प्रश्न पडला, आठवड्याला किती तास आणि किती महिने देऊ शकता. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, त्यानंतर नाही.

कोठेच दार उघडले नाही, तर एखाद्या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली छोटा अभ्यास स्वतः करा. नवा विषय शोधत बसण्यापेक्षा प्रसिद्ध झालेल्या एका साध्या प्रयोगाची पुनरावृत्ती करणे मला अधिक योग्य वाटते. 2015 साली मानसशास्त्रातील 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा निम्म्याहून कमी निष्कर्ष टिकले, त्यामुळे पुनरावृत्तीला आज दुय्यम काम मानले जात नाही. गृहीतक आणि विश्लेषणाची पद्धत आधीच लिहून ओपन सायन्स फ्रेमवर्क या संकेतस्थळावर नोंदवता येते, विश्लेषणासाठी जामोवी किंवा आर ही संगणकावरील मोफत संख्याशास्त्रीय साधने पुरेशी आहेत. माहिती गोळा करण्यापूर्वी महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची, ती नसल्यास विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. प्रथम वर्षातील अनेक विद्यार्थी 18 वर्षांखालील असतात आणि त्यांच्यासाठी पालकांची संमती लागते, हे सहज विसरले जाते. नैराश्याची पीएचक्यू-9 सारखी प्रश्नावली वापरणार असाल, तर तिचा नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांविषयी आहे. त्याला कोणी होकार दिला तर त्या व्यक्तीला त्याच दिवशी कोणाकडे न्यायचे, हे ठरल्याशिवाय ती कोणाच्या हाती देऊ नका. व्हॉट्सॲपवरून मित्रमंडळींकडून भरून घेतलेल्या फॉर्मवरून ‘गोव्यातील तरुणाई’विषयी विधाने करता येत नाहीत, आणि ही मर्यादा अहवालात स्वतःहून नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यावर परीक्षकाचा विश्वास बसतो.

काम करताना तारीखवार वही ठेवा, कारण शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तुमचे नेमके काम आठवावे लागते. अमेरिकेतील बहुतेक पीएच.डी. अर्जांची मुदत डिसेंबरात संपते, तेव्हा पत्रासाठी ऑक्टोबरच्या अखेरीस विचारा आणि सोबत त्या वहीवरून तयार केलेला एक पानाचा सारांश, गुणपत्रिका व विद्यापीठांची यादी द्या.